शिवाजी पार्कचं जुनं घर: सळईच्या मागे बोट जातंय का?

नमस्कार मंडळी. "पार्कासमोर राहता, नशीबवान आहात," ही कमेंट दर व्हिडिओखाली असतेच. आहेच मी नशीबवान. सकाळी नेटमधल्या बॅटचा ठोका, संध्याकाळी कट्ट्यावर अख्खं दादर. उन्हाळ्यात मैदानातली लाल माती घरभर येते, दोनदा लादी पुसायची. असो, आज बोलायचंय जुन्या घराच्या गंजलेल्या बीमच्या दुरुस्तीबद्दल.

मैदान 1925 चं, शिवाजी पार्क हे नाव 1927 चं. आमची इमारत दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची, तळमजला अधिक दोन, घरं सहा. सोसायटी नाही, कंडोमिनियम, म्हणजे घर ज्याचं त्याचं आणि इमारतीचे सामाईक भाग सगळ्यांचे हिश्श्याने. कारण आम्ही नोंदणी केली तेव्हा सोसायटीला किमान दहा जण लागायचे, आणि 1970 च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याला पाच घरं पुरत होती. झालं.

आता तुम्ही सारखं विचारता ते. बाल्कनीच्या बीमला भेग आहे, गिलावा फुगलाय, काय करू? आधी हातोडीने हलकं ठोका. खणखणीत वाजलं तर ठीक. बद्द वाजलं तर आत पोकळी आहे, बहुतेक सळई गंजलीय. समुद्र पाच मिनिटांवर, वाऱ्यात मीठ, कधीतरी ते आत पोचणारच. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो, म्हणून काँक्रीट फुटतं.

इथे सगळे चुकतात. सुटलेला ढलपा काढतात, समोरून सळई घासतात, सिमेंट थापतात, रंग मारतात. अहो, सळईची पाठ? ती काँक्रीटमध्येच रुतलेली, गंजलेली. आधी टेकू लावा, मग छिन्नीने इतकं फोडा की सळईच्या मागून बोट फिरेल. फिरलं नाही तर काम अर्धं आहे.

आमच्याकडे हेच झालं. कंत्राटदाराने दोन दिवसांत बीम गुळगुळीत करून दिला. दुसऱ्या पावसाळ्यात दुपारी धाडकन आवाज आला. नारळाएवढा ढलपा, आई रोज बसते त्या खुर्चीच्या शेजारी. ती चहाचं आधण ठेवायला आत गेली होती. ढलप्याच्या आतल्या बाजूला सळईचा तांबूस ठसा होता, साल सोलल्यासारखा. पाठ कुणी साफच केली नव्हती. मला अजून राग येतो.

एकांनी लिहिलंय, "ताई, वरून वॉटरप्रूफिंग मारलं तर चालेल ना?" दादा, नाही चालणार. मीठ आणि ओल आधीच आत आहे, वरून झाकून गंज थांबत नाही. पाठीमागे बोट जाईपर्यंत फोडायचं, लोखंड चकाकेपर्यंत घासायचं, गंजरोधक लावायचा, मग पॉलिमर मॉर्टर, म्हणजे पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा माल. सळई बारीक झाली असेल तर जोडीला नवी. आणि हे सगळं स्ट्रक्चरल इंजिनिअर उभा असताना.

"तुमची बाल्कनी, तुम्ही बघा," असं शेजारी म्हणाले आणि तुमचंही कंडोमिनियम असेल, तर तोच 1970 चा कायदा दाखवा. खांब आणि बीम सामाईक आहेत, खर्च ज्याच्या त्याच्या हिश्श्याप्रमाणे सगळ्यांचा. आमच्याकडे यावरून तीन बैठका झाल्या, शेवटी सहाही घरांनी पैसे भरले.

पुढच्या आठवड्यात तळमजल्याचा बीम उघडतोय. टेकू आजच आलेत, हे बघा, जिन्याखाली. फोडून झालं की कॅमेरा जवळ नेते आणि माझंच बोट सळईमागून फिरवून दाखवते.