पोलिसांनी मोडीत दिलेली पिस्तुलं

हे दिसतंय ते ग्लॉक २२. होल्स्टरमधून आतबाहेर होऊन कडेचा काळा रंग उडालाय, पण नळी बघाल तर जवळजवळ नवी, कारण पोलिसांचं पिस्तूल वर्षानुवर्षं कमरेला असतं आणि झाडलं फार कमी जातं. नवीन घ्यायला ५०० डॉलर लागायचे, अमेरिकेत हे वापरलेलं ३०० च्या आसपास मिळायला लागलं. का, तर त्यातली गोळी लोकांना नको झाली.

ती गोळी म्हणजे पॉइंट फोर्टी, ०.४० इंच जाडीची. ११ एप्रिल १९८६, मायामी. बँका लुटणाऱ्या दोघांना एफबीआयने रस्त्यात गाठलं, दोघं लुटारू मेले पण २ एजंटही गेले आणि ५ जखमी झाले. एका लुटारूच्या दंडातून ९ एमएमची, म्हणजे ९ मिलिमीटर जाडीची, गोळी छातीत शिरली होती, हृदयाच्या जरा अलीकडे थांबली, आणि ते दोन्ही एजंट त्यानंतर त्याच माणसाच्या हातून गेले. एफबीआयने दोष गोळीला दिला. मला ते अर्धंच पटतं, त्याच्या हातात रायफल होती हो! तर आधी १० एमएम आणली, तिचा दणका बऱ्याच जणांना झेपेना म्हणून काडतुसातली दारू कमी केली, मग दारूच कमी तर ती भरायचं पितळी नळकांडं, म्हणजे केस, एवढी लांब कशाला, म्हणून ती आखूड करून १९९० मध्ये स्मिथ अँड वेसन आणि विंचेस्टर या कंपन्यांनी पॉइंट फोर्टी काढली आणि बघता बघता पोलीस खाती त्यावर गेली.

पण मधल्या काळात ९ एमएमची गोळी सुधारली, आत गेल्यावर नीट फुलायला लागली. २०१४ मध्ये एफबीआयच्याच ट्रेनिंग विभागाने सांगितलं की फरक राहिला नाही, उलट ९ एमएमला धक्का कमी, नेम लवकर लागतो, गोळ्याही जास्त बसतात, १५ च्या जागी १७. मग एफबीआय परत ९ एमएमवर, मागोमाग बाकीची खाती, आणि जुनी पिस्तुलं डीलरला देऊन नवीन बिलात सूट. त्यात २०१६ ला हिलरी क्लिंटन येणार, कायदे कडक होणार या भीतीने दुकानांनी माल भरून ठेवलेला, निवडून आले ट्रम्प, खरेदीची घाई संपली आणि नवीन ९ एमएमवरही रिबेट लागले. स्वस्तात ९ एमएम मिळत असताना फोर्टी कोण घेणार?

तीच मोडीतली पिस्तुलं मला अस्वस्थ करतात. २००६ ते २०२२ मध्ये ५२ हजारांहून जास्त हत्यारं, जी आधी पोलिसांची होती, गुन्ह्यांच्या ठिकाणी सापडली. खात्याचे पैसे वाचले हे मान्य, पण ती वितळवून टाकायला हवी होती असंच मला वाटतं. काही पिस्तुलांच्या स्लाइडवर, म्हणजे वरच्या सरकत्या भागावर, तर त्या खात्याचं नाव अजून कोरलेलं असतं.