कोघोम: दहाचं झालं शून्य

(महालाचा विटांचा दर्शनी भाग, मग आत, जुनी वही)

फुंबान. कॅमेरूनच्या पश्चिमेला बामुम लोकांच्या राजांची राजधानी. हा महाल राजा इब्राहिम न्जोयाचा, १९१७ सालचा. आपल्याला मात्र त्याने घडवलेल्या लिपीच्या या वहीपाशी थांबायचंय.

१८९६ च्या सुमाराला न्जोयाला स्वप्न पडलं. पाटीवर हाताचं चित्र काढ, ते धू आणि ते पाणी पिऊन टाक. उठल्यावर त्याने तसंच केलं, मग प्रजेला कामाला लावलं: सुचेल त्या वस्तूचं चित्र काढून आणा. चिन्हं पाचशेपर्यंत गेली. एवढी पाठ कोण करणार? मग सुरू झाली काटछाट. वर्षामागून वर्षं चित्रं झिजत गेली, रेघा उरल्या. वस्तू गेली, उच्चार राहिला. १९१० पर्यंत ऐंशी चिन्हं उरली. पहिल्या चारांवरून नाव पडलं आ-का-ऊ-कू, आपण अबकड म्हणतो तसं.

(शेवटच्या ओळीवर बोट)

आणि हे ऐंशीतलं शेवटचं. कोघोम.

शेवटची दहा चिन्हं दुहेरी कामाची आहेत, अक्षरही आणि अंकही. कोघोम म्हणजे दहा. पुढे आकडे दशमान पद्धतीने मांडायला लागले. दहाला वेगळं चिन्ह लागेना. अडलं ते शून्यापाशी. नवं चिन्ह काढण्याऐवजी रिकाम्या झालेल्या दहालाच शून्य करून टाकलं! हिशेबी डोकं.

न्जोयाने छपाईसाठी अक्षरांचे तांब्याचे खिळेही पाडून घेतले होते. तो छापखाना शेवटी त्यानेच मोडला. फ्रेंचांनी लिपी दडपली, १९३१ मध्ये राजाला देशाच्या राजधानीत, याउंडेला, धाडलं. १९३३ मध्ये तो तिथेच वारला.

(संगणकाचा पडदा)

युनिकोड म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या चिन्हांना संगणकासाठी क्रमांक देणारी यादी. २००९ मध्ये तिने बामुमची ८८ चिन्हं घेतली (ती ऐंशी, शिवाय विरामचिन्हं वगैरे), पुढच्या वर्षी जुन्या टप्प्यांची ५६९. कोघोमचा क्रमांक ए६ईएफ. संगणकात मजकूर साठवायच्या यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट, आपल्या '०' इतकेच. पण आपलं '०' निव्वळ अंक. कोघोमची किंमत शून्य नोंदवलेली असली, तरी वर्ग अक्षर-अंकाचा. अक्षराचं काम त्याने सोडलेलं नाही ना.

(फोन)

तोच क्रमांक, या फोनवर. रिकामी चौकट. गुगलच्या नोटो संचातला बामुम फॉन्ट फुकट मिळतो; आधीच घालून द्यायला या फोनवाल्यांचं काय जात होतं, कोण जाणे.

आता टाकलाय. बघा.