पंधरा सेकंदांची विश्रांती

खोलीतल्या सायकलवर तीस सेकंद सुरू. कोपरं आत येतात, मांड्या ताणल्या जातात, पायांचा जोर दाखवणारा वॉटचा आकडा झपाट्याने चढतो. तीस संपले. पाय फिरतच राहतात, फक्त सैल पडतात. हनुवटीवरचा घाम पुसेपर्यंत पंधरा सेकंद सरतात आणि पुन्हा तीस.

असं तेरा वेळा. मग तीन मिनिटं हलकं पॅडलिंग आणि तोच सेट आणखी दोनदा.

नॉर्वेचे संशोधक बेंट रोनेस्टाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रकार कसलेल्या सायकलपटूंकडून १० आठवडे, आठवड्यातून दोनदा करून घेतला. दुसऱ्या गटाला दिला रुळलेला प्रकार: पाच-पाच मिनिटांचे चार इंटरव्हल, म्हणजे जोराचे तुकडे, मध्ये अडीच मिनिटं विश्रांती. बेरीज करून बघा. जोराचं काम एकीकडे साडेएकोणीस मिनिटं, दुसरीकडे वीस. सूचनाही एकच: शेवटपर्यंत टिकेल असा जास्तीत जास्त जोर लावा. तरीही व्हीओटू मॅक्स, म्हणजे शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं त्याचं माप, छोट्या इंटरव्हलच्या गटात सरासरी ८.७ टक्के वाढलं. मोठ्या इंटरव्हलच्या गटात २.६. हा अभ्यास २०१५ साली छापून आला.

माझं लक्ष जातं ते त्या पंधरा सेकंदांकडे. स्नायूंना तेवढ्यात जरा उसंत मिळते. धाप मात्र खाली बसत नाही, हृदयाचे ठोकेही फारसे उतरत नाहीत. पुढचे तीस सेकंद सुरू होतात ते आधीच चढलेल्या श्वासावर. सलग पाच मिनिटं पेलवणार नाही इतका जोर अशा तुकड्यांत पेलवतो.

म्हणून मोठे इंटरव्हल लगेच मोडीत काढू नका. संशोधक स्टीफन सायलर यांच्या २०१३ च्या अभ्यासात हौशी सायकलपटूंनी चार, आठ किंवा सोळा मिनिटांचे चार-चार इंटरव्हल ७ आठवडे केले. सरस ठरले आठ मिनिटांचे. चार मिनिटांच्या मानाने जोर थोडा कमी, पण वेळ दुप्पट.

तिसरा सेट. दहावा तुकडा. श्वासाचा आवाज खोलीभर आहे. आता वॉटचा आकडा बघा. पहिल्या सेटइतकाच असेल, तर सराव बरोबर चाललाय. घसरला असेल, तर पुढच्या वेळी पहिलाच सेट थोडा हळू काढा.