आधी ब्रीदर बघा

हे वर्तमानपत्र काल रात्री बुलेटच्या इंजिनाखाली अंथरलं होतं. मिस्त्री गाडीला हात लावण्याआधी कागद वाचतात. डावीकडचा डाग प्रायमरी चेनकेसचा, म्हणजे इंजिन आणि क्लचमधल्या चेनवरच्या झाकणाचा, उजवीकडचे दोन इंजिन ऑइलचे.

कोल्हापुरातलं गॅरेज. गाडी ३४६ सीसीची कास्ट आयर्न बुलेट, गिअर उजव्या पायाला. मूळ इंग्लंडच्या रेडिचची ही घडण. १९५५ साली मद्रासमध्ये एन्फिल्ड इंडिया उभी राहिली आणि ती आपल्या रस्त्यांची झाली.

बुलेट म्हटली की गळायचीच, असं लोक धरून चालतात. मिस्त्रींना ते मान्य नाही. जॉइंटवरची ही लाल पापडी बघा. कुणीतरी गळती थांबवायला थरावर थर सिलिकॉन लावलंय. त्याचा तुकडा तेलाच्या वाटेत अडकला, तर इंजिन जाम.

मिस्त्रींनी पहिल्यांदा काढला तो ब्रीदर पाइप. एकच पिस्टन, ९० मिलिमीटरचा स्ट्रोक. तो खाली येताना क्रँककेसमधली, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोटातली हवा दाबतो. ती हवा या रबरी चोचीतून बाहेर जावी आणि परत आत येऊ नये, एवढंच तिचं काम. मिस्त्री पाइप पुसून तोंडाला लावतात. फुंकली, गेली. ओढली, तरी आली. रबर कडक होऊन चोच उघडीच राहिलीय. मग आत कोंडलेला दाब जिथे फट मिळेल तिथून तेल बाहेर ढकलतो. जोडावरचं गॅस्केट कितीही नवं घाला.

आता टायमिंग कव्हर, इंजिनाच्या उजव्या बाजूचं झाकण. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटल्याच्या या खुणा. काचेवर पॉलिश पेपर, त्यावर कव्हर, आणि इंग्रजी आठाच्या (8) आकड्यासारखा हात. घाई नाही. सगळीकडे सारखी चकाकी येईपर्यंत, म्हणजे कड सपाट होईपर्यंत हेच चालतं. असं काम करणारे हात आता थोडे उरलेत.

चेनकेस मधल्या एकाच नटावर बसतो. तो जास्त आवळला की कव्हर वाकतं आणि कडेने गळतं. म्हणून नवं रबर घालून इथे पाना दोन बोटांत धरलाय.

टॅपेटही, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांमधली फट, बघून घेतले. इंजिन थंड, पिस्टन वर. व्हॉल्व्हला ढकलणारा पुशरॉड बोटांनी फिरला पाहिजे, वरखाली मात्र हलता कामा नये.

अँपिअर मीटरचा काटा मधोमध आणला, सिलिंडरमधला दाब सोडणारा डीकॉम्प्रेसर दाबून किक थोडी पुढे नेली. आता पूर्ण किक.

दुसऱ्या दिवशीचा कागद. उजवी बाजू कोरडी. डावीकडे एक थेंब आहे. चेनकेसचं नवं रबर अजून बसायचंय.