लक्ष ठेवणे, लक्ष देणे

(दृश्य : पहाट. नदीकाठचे मैदान, धावणारी मुले.)

अमळनेरला बोरी नदीच्या काठी भरतीची तयारी करणारी मुले-मुली उजाडण्याआधीच धावू लागतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, पुढे १०० मीटर आणि गोळाफेक असे मैदानाचे ५० गुण, त्यानंतर १०० गुणांची लेखी परीक्षा, हा हिशेब इथे सर्वांना तोंडपाठ आहे. पोलीस शिपाई असो वा कारागृह शिपाई, कस लावण्याची रीत बहुतांशी सारखीच आहे.

जवळच्या अभ्यासिकेत एका मुलीने कारागृह खात्यातून निवृत्त झालेल्या हवालदारांना विचारले, "आबा, तठे रोज काय करनं पडस?"

(दृश्य : फुलस्केप कागद, आबांचा हात, निळे पेन.)

तोंडी उत्तर देण्याऐवजी आबा कागद घेऊन बसले आणि कारागृह शिपायाच्या कामाचे वर्णन लिहिण्यात त्यांचे चार रविवार गेले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने रविवारीच होत आणि ती उतरवून घेणारे साने गुरुजी त्याआधी याच अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. त्यामुळे तुरुंगातले रविवारी कागदावर आणण्याचा पायंडा या गावाला नवा नाही.

पहिल्या मसुद्याची सुरुवात "पहारा देणे" अशी होती. आबांनी ती खोडून "लक्ष ठेवणे" असे लिहिले, मग बराच वेळ पेन तसेच धरून बसले आणि शेवटी त्याखाली वेगळी ओळ घातली : "लक्ष देणे". पहिल्या शब्दात सकाळी बराक उघडताना आणि संध्याकाळी टाळेबंदीच्या वेळी होणारी मोजणी, झडती, मुलाखतीच्या वेळची देखरेख आणि रात्रीची गस्त येते. दुसऱ्या शब्दात मात्र असे काही येते, जे कोणत्याही मैदानावर मोजले जात नाही : दोन दिवस ताट तसेच परत करणारा बंदी कोण, तारखेवरून आल्यापासून भिंतीकडे तोंड करून कोण झोपला आहे, आणि ही गोष्ट सकाळपर्यंत न थांबता तुरुंगाधिकाऱ्यांच्या व वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या कानावर घालायची की नाही.

(दृश्य : खोडलेल्या ओळी, जवळून.)

बंद्याला न्यायालयात नेण्या-आणण्याचे काम पोलीस पथकाचे असल्यामुळे ती ओळ आबांनी काढून टाकली. तिच्या जागी, ज्याला वकील नाही त्याचा अर्ज विधी सेवा प्राधिकरणाकडे जाईल हे पाहणे, अशी ओळ आली. देशातील तुरुंगांत दर चारांपैकी सुमारे तीन बंदी न्यायाधीन, म्हणजे अजून गुन्हा सिद्ध न झालेले असतात, त्यामुळे आमच्या मते या ओळीची जागा कागदाच्या अगदी वर हवी होती. आबांनी ती सातवी ठेवली आहे.

"सफाईची कामे वाटून देणे" या ओळीपुढे त्यांनी नंतर "जात न पाहता" हे शब्द जोडले. सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी जातीवरून कामे वाटणारे तुरुंग नियम घटनाबाह्य ठरवले आणि कैद्यांच्या नोंदवह्यांतील जातीचा रकानाही काढण्यास सांगितले. हे तीन शब्द लिहिताना आबांचे अक्षर मोठे झालेले दिसते.

शेवटी त्यांनी अडचणींचा रकाना आखला. आदर्श कारागृह नियमावली, २०१६ नुसार सहा बंद्यांमागे एक रक्षक असावा, एवढेच त्यात लिहिले आणि पुढची जागा कोरी ठेवली.

(दृश्य : अभ्यासिकेची भिंत.)

हा कागद आता धावण्याच्या वेळापत्रकाशेजारी चिकटवला आहे. भरतीच्या जाहिरातीत यातले काही आलेले नाही. प्रश्न विचारणाऱ्या मुलीने दोन्ही पदांसाठी अर्ज भरले आहेत.

(दृश्य : पुन्हा मैदान. शिट्टीचा आवाज. निवेदन नाही.)