पॅड नवे, डिस्क नव्या, तरी ब्रेक ओरडतात? आवाज कुठला ते असं शोधा

नमस्कार. पुढच्या दोन्ही चाकांचे पॅड बदलले, डिस्क बदलल्या, सगळं घरीच केलं. आणि पहिल्याच स्पीडब्रेकरला ब्रेकवर पाय ठेवल्यावर कींऽऽ अशी किंकाळी. लगेच वाटतं, पॅड डुप्लिकेट निघाले. निघतातही. पण दुकानदाराशी भांडायला जायच्या आधी चाक परत खोला. नवं सामान बसवताना त्याच्या आजूबाजूचं जे जुनं तसंच राहिलं, आवाज बहुतेक वेळा तिथून येतो. आणि गोव्यात, त्यातही किनाऱ्यालगत, खारं वारं आणि चार महिन्यांचा पाऊस त्या जुन्या लोखंडाचं काय करतात ते तुम्हाला माहीत आहेच.

आधी सुरक्षेचं. पेडल मऊ लागत असेल, खाली जात असेल, गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा ब्रेक दाबल्यावर लोखंडावर लोखंड घासल्यासारखी जाड घरघर येत असेल, तर गाडी आहे तिथेच ठेवा. पॅड उलटा बसलेला असू शकतो, म्हणजे लोखंडी पाठ डिस्ककडे. हसू नका, होतं असं.

बाकी आवाजांसाठी गाडी हळू चालवून ऐकायचं. काचा खाली करा आणि चिऱ्यांच्या गडग्याला समांतर दहा ते वीसच्या वेगाने जा. आवाज भिंतीवर आपटून परत येतो, त्यामुळे डावं चाक की उजवं ते नीट कळतं. ऐकताना एवढंच बघा: आवाज ब्रेक दाबल्यावर येतो, की न दाबताही येतो?

न दाबताही येतोय, पत्रा घासल्यासारखा, आणि वेगाबरोबर वाढतोय. हा बहुधा डस्ट शील्ड, म्हणजे डिस्कच्या मागचा पातळ पत्रा. जुनी डिस्क गंजून हबला, म्हणजे चाक आणि डिस्क ज्यावर बसतात त्या भागाला, चिकटलेली असते, ती हातोड्याने ठोकून काढताना हा पत्रा वाकतो. चाक काढा, डिस्क हाताने फिरवा, घासतोय तिथे पत्रा मागे ओढा. सगळीकडून तीन-चार मिलिमीटर फट दिसली पाहिजे. कधी पत्रा सरळच असतो आणि आत खडीचा तुकडा अडकलेला असतो. डांबराचं काम चालू असलेल्या रस्त्यावरून आलात तर हे आधी बघा.

न दाबता बारीक चिरचिर येतेय आणि हलकासा ब्रेक लावला की बंद होतेय? मग पॅडवरची इंडिकेटरची पट्टी बघा. पॅड झिजला की डिस्कला टेकून ओरडायची तिची नोकरी असते. नव्या पॅडवर ती डिस्कपासून चांगली लांब असायला हवी. बसवताना वाकली, किंवा आतला पॅड बाहेर आणि बाहेरचा आत गेला, तर ती पहिल्या दिवसापासून ओरडते. बऱ्याच गाड्यांत ही पट्टी फक्त आतल्या पॅडवर असते.

रिव्हर्स घेऊन पुढे निघताना पहिल्या ब्रेकला एकदाच 'ठक्' होतं. पॅड आपल्या खाचेत मागे-पुढे सरकतो त्याचा हा आवाज. थोडा चालतो. मोठा असेल तर खाचेतल्या जुन्याच क्लिपा परत वापरल्यात किंवा एखादी बसलीच नाही. पण त्याआधी कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) ज्यावर बसतो त्या ब्रॅकेटचे दोन्ही बोल्ट टॉर्क पान्याने, म्हणजे किती जोराने आवळलंय ते दाखवणाऱ्या पान्याने, तपासा. सैल बोल्टसुद्धा असाच ठक् वाजतो, आणि तो निघाला तर ठक् वर थांबत नाही. किती आवळायचं तो आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला घ्या, अंदाजाने नको.

आता मुख्य तक्रार. वेग कमी, ब्रेक हलका, आणि किंकाळी. जोरात दाबला की गायब. पॅड खूप वेगाने थरथरतो त्याचा हा आवाज. थरथरतो का, ते चाक खोलून बघायचं.

गाडी सपाट आणि कडक जागेवर घ्या. पावसात अंगणातली तांबडी माती मऊ होते, म्हणून जॅकखाली जाड फळी हवी. मागच्या चाकांना अडण, हँडब्रेक वर, गाडी पहिल्या गिअरमध्ये (डिस्क हाताने फिरवायची तेवढ्यापुरतं न्यूट्रल). आणि चाक उचललं की खाली घोडी, म्हणजे गाडी टेकवायचा लोखंडी स्टँड, लावा. चिरे रचून त्यावर गाडी टेकवायची सवय आपल्याकडे भरपूर आहे. चिरा वजनाखाली काही न सांगता फुटतो. घोडी नसेल तर काम उद्या करा.

कॅलिपर सोडवला की तो ब्रेकच्या नळीवर लोंबकळू देऊ नका, तारेने वर स्प्रिंगला बांधा. पॅड काढा आणि हा ब्रॅकेट जवळून बघा. पॅडचे दोन कान ज्या खाचांत बसतात तिथल्या स्टीलच्या क्लिपा काढा. क्लिपेखाली तांबूस-काळे पापुद्रे दिसतायत ना? हाच आपला माणूस. गंज फुगतो, क्लिपेला आतून ढकलतो आणि नव्या पॅडचा कान खाचेत आवळला जातो. मग ब्रेक सोडला तरी पॅड मागे येत नाही, डिस्कला टेकून राहतो, तापतो आणि ओरडतो. पॅड हातोडीने ठोकून बसवावा लागला असेल तर हेच झालंय. तारेच्या ब्रशने आणि कानशीने गंज चकचकीत लोखंड दिसेपर्यंत काढा. फक्त गंजच, ब्रॅकेटचं लोखंड खाऊ नका. नव्या क्लिपा घाला. पॅड बोटाने ढकलून सरकला पाहिजे, पण खडखडता कामा नये.

मग गाइड पिना, म्हणजे ज्यांच्यावर कॅलिपर मागे-पुढे सरकतो त्या. दोन्ही बाहेर ओढा, जुनं ग्रीस पुसा, सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर द्या. बेअरिंगचं साधं ग्रीस इथे लावू नका, त्यातल्या खनिज तेलाने रबर फुगतं आणि पीन आतच जाम होते. बऱ्याच कॅलिपरांत एका पिनेला रबराची बाही असते. वरची खाली आणि खालची वर अशी अदलाबदल करू नका.

पॅडच्या पाठीवर शिम, म्हणजे पातळ पत्री, आहे ना? जुन्या पॅडबरोबर ती फेकून दिली असेल तर आवाज येणारच. पिस्टन, म्हणजे कॅलिपरमधला पॅडला ढकलणारा दट्ट्या, जिथे पाठीला टेकतो तिथे आणि कानांवर ब्रेकचं खास ग्रीस, तांदळाच्या दाण्याएवढं, पसरून लावा. पॅडच्या घासणाऱ्या बाजूवर ते जाता कामा नये. ग्रीस मुरलेला पॅड धुऊन सुधारत नाही. दोन्ही चाकांचे पॅड बदलावे लागतात.

डिस्कवरचं तेल काढलं होतं का? पुष्कळ नव्या डिस्क गंज लागू नये म्हणून तेल लावून येतात. ते ब्रेक क्लीनरनेच काढा. रॉकेल नको, त्याचा तेलकटपणा मागे राहतो. काही डिस्कवर तेलाऐवजी राखाडी लेप असतो. तो पॅडनेच घासून जातो, तोवर थोडी खरखर येते. तिची काळजी नको. रात्री पावसात उभ्या राहिलेल्या गाडीची सकाळची खरखरही तशीच, दोन-चार ब्रेकांत जाते.

सगळं परत बसवलं की गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबा. पिस्टन मागे ढकललेला असतो, पहिले दोन-तीन दाब रिकामे जातात.

पुढे बेडिंग, म्हणजे नवे पॅड आणि डिस्क एकमेकांना रुळवणं, जे कोणी करत नाही. कोरडा, मोकळा, सरळ रस्ता, भल्या सकाळी. साठवरून वीसवर या, मध्यम दाबाने, पूर्ण न थांबता. अर्धा मिनिट गाडी चालू ठेवा, परत तेच. असं आठ-दहा वेळा, मग दहा मिनिटं शक्यतो ब्रेक न लावता चालवून थंड होऊ द्या. यात पॅडचा पातळ, एकसारखा थर डिस्कवर बसतो. गरम असताना ब्रेक दाबून उभे राहिलात तर तो थर एकाच जागी चिकटतो. आणि बेडिंगआधी चोर्ला किंवा अनमोड घाट उतरायला जाऊ नका. कोरे पॅड तापून वरून काचेसारखे गुळगुळीत होतात, आणि मग पुन्हा कींऽऽ.

राहिला तो आवाज जो आज नाही, दोन-तीन हजार किलोमीटरनंतर येतो. ब्रेक लावला की धडधड, पेडल आणि स्टिअरिंग थरथरतं. लोक म्हणतात डिस्क वाकली. डिस्क सहसा वाकत नाही. हबच्या तोंडावर गंजाचा खडा राहिला की डिस्क किंचित तिरकी बसते, दर फेऱ्याला एकाच जागी पॅडला टेकते आणि तिथे हळूहळू पातळ होते. म्हणून डिस्क काढून हब घासा, स्टडच्या, म्हणजे चाकाचे नट ज्यावर बसतात त्या दांड्यांच्या, मुळाशीही. डिस्क परत लावून वॉशर घालून नटांनी आवळा आणि बाहेरच्या कडेपासून दहा मिलिमीटर आत डायल गेज, म्हणजे बारीक फरक दाखवणारं काट्याचं मापक, लावून डिस्क फिरवा. बहुतेक गाड्यांत 0.05 ते 0.1 मिलिमीटरच्या आत फरक चालतो. जास्त आला तर सगळ्यात उंच जागेवर डिस्क आणि हब दोन्हींवर खडूने खूण करा, डिस्क एक भोक पुढे फिरवून बसवा आणि परत मोजा. उंच जागा डिस्कवरच्या खुणेबरोबर पुढे गेली तर डिस्क दुकानात परत न्या. हबच्या खुणेपाशीच राहिली तर हब किंवा बेअरिंग बघायचं.