आदर्श समाज: जमणार नाही, की करायचा नाही?

एक नकाशा डोळ्यांसमोर आणा. चंद्रकोरीसारखं बेट, मधे शांत पाणी. थॉमस मोर या इंग्रज वकिलाने १५१६ साली लॅटिनमध्ये जे ‘युटोपिया’ नावाचं पुस्तक काढलं ना, त्यात हा छापलाय. या बेटावर खाजगी मालमत्ता नाही, लोक दिवसाला फक्त सहा तास काम करतात, घराला कुलूप नाही आणि दर दहा वर्षांनी चिठ्ठ्या टाकून घरं बदलायची, म्हणजे कुणाचा जीव घरात अडकायला नको. वाचताना भारी वाटतं. पण पुढे कळतं की इथे गुलामही आहेत, आणि परवानगी न घेता आपला भाग सोडून फिरताना दुसऱ्यांदा सापडलात तर तुम्हालाही गुलाम करणार!

सगळ्यांच्या भल्याचं चित्र काढायचं तर ते काढणार कोण, आणि ज्याला ते पटत नाही त्याचं काय करणार? राजकीय तत्त्वज्ञानात आजही खरं भांडण इथेच आहे.

अशा चित्रांची भीती तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांनी सगळ्यात स्पष्ट मांडली. हे व्हिएन्नाचे, ज्यू कुटुंबातले, हिटलर ऑस्ट्रियात घुसायच्या आधी १९३७ ला न्यूझीलंडला गेले आणि महायुद्ध चालू असताना तिथे बसून लिहीत होते, ते पुस्तक आलं १९४५ ला. त्यांचं म्हणणं असं की अख्खा समाज एका आराखड्याप्रमाणे पाडून नव्याने बांधायला घेतला की एकाच वेळी इतकं काही बदलतं की नेमकं कुठे चुकलं ते कळतच नाही, आणि मग चूक दाखवणारा माणूसच शत्रू ठरतो. त्यापेक्षा छोटे बदल करा, तपासा, फसलं तर मागे घ्या. समोर दिसतंय ते दुःख आधी कमी करा.

मला यातली भीती शंभर टक्के मान्य आहे, पण त्यावरून आदर्शाचा विचारच सोडायचा हे मान्य नाही.

तो सुटलाही नाही. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी १९७१ मध्ये न्याय्य समाजाचं मोठं चित्र मांडलं आणि १९९९ मध्ये अशा चित्राला ‘वास्तववादी युटोपिया’ (जमण्यासारखा आदर्श समाज) म्हटलं, म्हणजे माणसं जशी आहेत तशी धरायची आणि कायदे जसे होऊ शकतात तसे. दुसरे अमेरिकन तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिक यांनी १९७४ ला वेगळंच सुचवलं: एकच स्वर्ग सगळ्यांना कशाला, ज्याला जसा हवा तसा गट करू द्या, अट एकच, कुणालाही सोडून जाता आलं पाहिजे. ऐकायला छान आहे, पण ज्याच्याकडे जायला पैसे नाहीत किंवा जे मूल तिथेच जन्मलंय त्याने कसं सोडून जायचं?

मग २००९ मध्ये अमर्त्य सेन यांनी या सगळ्याच पद्धतीवर बोट ठेवलं. ते म्हणतात, दोन डोंगरांत उंच कुठला हे ठरवायला एव्हरेस्ट माहीत असण्याची गरज नाही. तसंच आजच्या दोन धोरणांत कमी अन्यायाचं कुठलं, हे परिपूर्ण समाज न कल्पताही सांगता येतं. मुद्दा बिनतोड वाटतो, पण इथे जरा थांबूया.

१८२३ चं ब्रिटन. गुलामगिरीच्या विरोधात नवी संस्था निघाली आणि तिच्या नावातच होतं की गुलामगिरी सौम्य करायची आणि हळूहळू संपवायची. सरकारचं धोरणही तेच, फटके कमी करा, स्त्रियांना फटके मारणं बंद करा. आता तुलना केली तर हे आधीपेक्षा बरंच ना? शंकाच नाही. पण लेस्टरच्या एलिझाबेथ हेरिक यांनी १८२४ मध्ये पत्रक काढलं की हळूहळू नाही, ताबडतोब! आणि त्या बाई दारोदार जाऊन सांगत होत्या की गुलामांच्या कष्टाची साखर घेऊ नका. तेव्हाच्या शहाण्या लोकांना हे अव्यवहार्यच वाटत होतं. १८३० मध्ये त्या संस्थेने नावातलं ‘हळूहळू’ काढून टाकलं, १८३३ ला कायदा आला. भरपाई म्हणून दोन कोटी पौंड दिले, तेही मालकांना, गुलामांना काहीच नाही.

म्हणजे पुढची पायरी बरी आहे एवढंच बघत राहिलो तर सौम्य गुलामगिरीवरच समाधान मानायची वेळ येते. कुठे जायचंय हे कुणीतरी ठामपणे बोलावं लागतं.

तत्त्वज्ञ डेव्हिड एस्टलंड यांनी २०२० च्या पुस्तकात नेमकी हीच गाठ सोडवलीय. लोकांना एखादी गोष्ट जमू शकत नाही हे वेगळं आणि लोक ती करणार नाहीत हे वेगळं. मालक गुलाम सोडणार नाहीत हे भाकीत कदाचित खरं असेलही, पण त्यामुळे त्यांनी सोडले पाहिजेत ही मागणी चुकीची कशी ठरते? मला वाटतं हे एवढं लक्षात ठेवलं तरी ‘हे व्यवहार्य नाही’ म्हणून बंद पडणाऱ्या निम्म्या चर्चा पुन्हा सुरू होतील.

पण पॉपर यांचा प्रश्न राहतोच, आराखडा कुणाचा? इथे समाजशास्त्रज्ञ एरिक ओलिन राइट कामाला येतात. त्यांनी कल्पनेतली बेटं सोडून चालू असलेले प्रयोग शोधले आणि प्रत्येकाला तीन प्रश्न विचारले: हे हवंय का, उभं केलं तर टिकेल का, आणि आहोत तिथून तिथे पोचायचं कसं.

त्यातलं एक शहर ब्राझीलचं पोर्तो अलेग्रे. १९८९ पासून तिथे नगरपालिकेच्या बजेटमधला नव्या कामांचा पैसा कुठे जाणार हे वस्त्यांच्या सभांमध्ये ठरायला लागलं. आधी पाणी, की गटार, की रस्ता, ते तिथले रहिवासीच मतदानाने लावणार. शिवाय हिशोबात नुसती मतं नाहीत, त्या भागाची लोकसंख्या आणि तिथे सोयींची टंचाई किती हेही धरायचं, म्हणजे जिथे जास्त कमी आहे तिथे पैसा जास्त. आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट ही की हे नियम भाग घेणारे लोकच दरवर्षी पुन्हा तपासून बदलू शकत होते.

२००४ मध्ये ही पद्धत आणणारा वर्कर्स पार्टी हा पक्ष तिथली निवडणूक हरला आणि पुढे पुढे त्या सभांचं वजन कमी होत गेलं. पद्धत कायद्याने बांधलेली नव्हती म्हणून लोकांना नियम बदलता येत होते, आणि बांधलेली नव्हती म्हणूनच नंतरच्या सत्तेला ती ढिली करता आली. पण जगभरातल्या शेकडो शहरांनी ती उचलली, पुढे न्यूयॉर्क आणि पॅरिसनेसुद्धा. तिथे आता ठरवायचंय ते हे की यातलं काय कायद्यात पक्कं करायचं आणि काय लोकांच्या हातात मोकळं ठेवायचं.